नागौरचे पाणी

गेल्या माघ महिन्यात वडिलोपार्जित घराच्या कागदावर सही करण्याच्या निमित्ताने मी नागौर जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी जाऊन आलो. आमचे पणजोबा विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर ते गाव सोडून नगर जिल्ह्यात आले. मारवाडात त्या दुष्काळाला ‘छप्पनिया’ म्हणतात. हा शब्द उच्चारताना तिकडची म्हातारी माणसे अजूनही आवाज खाली आणतात. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्याची कहाणी थोड्याफार फरकाने हीच असेल. पाऊस गेला, गुरे गेली, आणि एक भाऊ घराला कुलूप लावून दक्षिणेकडे निघाला. आमच्याकडे दोन भाऊ निघाले आणि तिसरा तिथेच राहिला. त्या तिसऱ्याच्या वंशातील काकीसा आजही त्या घराच्या किल्ल्या सांभाळतात.

जोधपूरहून सकाळच्या गाडीने निघालो. मेडता रोडला उतरून फलवर्धी पार्श्वनाथांचे दर्शन घेतले आणि दुपारच्या सुमारास नागौर गाठले. हिवाळ्यात हा प्रदेश वाळवंट वाटत नाही. शेतांत जिरे आणि मोहरी उभी होती, आणि वाऱ्याबरोबर पानमेथीचा वास येत होता. ‘कसुरी मेथी’ या नावाने आपण दुकानात जी पुडी विकतो, तिच्यातील फार मोठा माल या नागौरचा असतो, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. खेजडीची झाडे छाटून बोडकी केलेली होती. पाऊस मात्र वर्षाकाठी सरासरी ४०० मिलिमीटरच्याही खाली. आपल्या कोकणात एखाद्या आठवड्यात तेवढा पडून जातो.

घरी पोहोचलो तेव्हा अंगणातील नळाला पाणी होते. हातपाय धुऊन मी त्याच ओंजळीने चूळ भरणार, तोच बाजूच्या जुन्या हातपंपाकडे पाहून काकीसा कोणाला तरी मोठ्याने म्हणाल्या, “ओ पाणी पीवण रो कोनी.” पिण्याचे नव्हे, हे पाणी. माझ्याबरोबर आलेला चुलतभावाचा नातू कौतुकाने पंपाचा दांडा हलवीत होता, त्याला ती ताकीद होती. पंपाच्या नळकांड्यावर तांबडा रंग फासलेला होता. रंग इतका जुना होता की बऱ्याच ठिकाणी खाली गंज दिसत होता. नळाचे पाणी चालेल, असे त्या मला म्हणाल्या. पण प्यायला दिले ते टाक्यातलेच.

हे टाके म्हणजे काय, ते नव्या पिढीसाठी सांगतो. अंगणाच्या मधोमध जमिनीखाली गोल हौद खणलेला असतो, आतून चुन्याने घोटलेला. गच्चीवर पडणारे पावसाचे पाणी पन्हळीतून त्यात उतरते. पावसाळ्याच्या तोंडावर गच्ची झाडून, धुऊन घ्यायची. पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडायचे आणि मग पन्हळीचे तोंड टाक्याकडे वळवायचे. गावाबाहेरच्या मोठ्या टाक्यांना आणि तळ्यांना ‘आगोर’ असतो. आगोर म्हणजे पाणी जमा होण्यासाठी राखलेली उताराची जमीन. तिच्यावर जोडे घालून जाण्याचीही पूर्वी मनाई असे. आमच्या टाक्याला लाकडी झाकण आहे, झाकणाला कडी आहे आणि कडीला कुलूप. लहानपणी आजोबांच्या तोंडून या कुलपाची गोष्ट मी विनोद म्हणून ऐकली होती. तिजोरीची किल्ली सुनेकडे आणि टाक्याची सासूकडे, असे ते सांगत आणि सगळे हसत. या खेपेस मला ते हसू आले नाही. का, ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून फेरफटका मारला. पारावर पाच-सहा म्हातारे उन्हाला बसले होते. रामराम झाला. त्यांतील एकजण उठून आमच्याबरोबर चालू लागला, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्याची पाठ कंबरेपासून पुढे वाकलेली आहे आणि मान वळवायची झाली की तो सगळे अंग वळवतो. वयामुळे असेल म्हणून मी दुर्लक्ष केले. मग बाजूच्या गल्लीतून तशाच चालीने एक बाई आली. पुढे आणखी एक. त्या म्हाताऱ्याचे वय मी विचारले. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान निघाला.

नागौर आणि अजमेर यांच्या मधल्या या पट्ट्याला राजस्थानात ‘बांका पट्टी’ म्हणतात, कोणी ‘कूबड पट्टी’ही म्हणतात. वाकड्यांचा पट्टा, कुबडांचा पट्टा. नाव कोणी दिले कोणास ठाऊक, पण भूगोलाच्या शालेय पुस्तकांपर्यंत ते पोहोचले आहे. आणि या वाकण्याचे मूळ ना वयात आहे, ना कुळात; ते पायाखालच्या दगडात आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. दगडांचे ज्ञान मला नोकरीत विहिरींची कर्जे देता देता जे काही झाले तेवढेच. तरी जे समजून घेतले ते साध्या शब्दांत मांडतो. ग्रॅनाइट, नीस, अभ्रकयुक्त खडक यांच्यामध्ये फ्लोरीन असलेली खनिजे असतात. पाणी खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे साठून राहिले की ती खनिजे हळूहळू विरघळतात. जिथे पाऊस भरपूर पडतो आणि भूजल वाहते राहते, तिथे हा अंश धुऊन निघतो. मारवाडासारख्या कोरड्या मुलखात तो साचत जातो. यात कॅल्शियमचा वाटा मोठा असतो. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवते. पाणी क्षारयुक्त, सोड्याच्या जातीचे आणि कॅल्शियम कमी असलेले असेल, तर फ्लोराइड मोकळे राहते. आता गंमत पाहा, म्हणजे खरे तर ती गंमत नव्हे. कॅल्शियम कमी असलेले पाणी ‘हलके’ लागते. त्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. हातपंप नवा बसला तेव्हा त्या पाण्यात मुगाची डाळ किती चटकन शिजत असे, हे काकीसांना अजून आठवते. गृहिणीच्या सगळ्या परीक्षांत ते पाणी उत्तीर्ण झाले होते.

आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ मिलिग्रॅमचीच आहे. त्याहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी लहानपणी पोटात गेले की दातांवर खुणा उमटतात. आधी खडूसारखे पांढरे पट्टे, मग पिवळे, मग तपकिरी, आणि शेवटी दाताचा पृष्ठभाग खवल्याखवल्यांनी झडतो. प्रमाण आणखी वाढले आणि वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायले की हाडांची पाळी येते. हाडांचा मूळ घटक बदलतो. हाड जाड होते पण ठिसूळ होते. सांध्यांभोवतीच्या स्नायुबंधांत चुना साठतो. मणके एकमेकांना जखडतात आणि पाठ एका दांड्यासारखी होते. यावर औषध नाही. पाणी बदलले तर पुढचे थांबते, झालेले परत येत नाही.

हा रोग आपल्याकडे शास्त्रज्ञांच्या नजरेस आला तो १९३७ मध्ये, त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात. तेथील शेतकऱ्यांनी तो आधी ओळखला होता, तोही माणसांत नव्हे तर बैलांत. औताचे बैल अकाली पाय ओढू लागले होते. नागौरचे बैल तर देशभर नावाजलेले. त्यांच्या बाजाराला दूरदूरचे व्यापारी येत. पण त्यांच्या गुडघ्यांचा हिशेब कोणी ठेवला होता का, हे मला कळू शकले नाही.

कोणी म्हणेल, आपले पूर्वज शेकडो वर्षे इथेच राहिले, त्यांचे काय? त्याचे उत्तर दोन भागांत आहे आणि दुसरा भाग लिहिताना मला संकोच होतो.

पहिला भाग असा. विहिरीचे पाणी गुरांना आणि वापरायला, पिण्याला मात्र पावसाचे, ही जुनी वहिवाट होती. ज्यांच्या घरी टाके नाही ते गावतळ्याचे, म्हणजे नाडीचे पाणी पीत. नाडीच्या पाण्यात दुसरे संकट होते: नारू. जुन्या पिढीला हा शब्द माहीत आहे. पाण्यातील बारीक जीवांबरोबर नारूची अळी पोटात जाई आणि वर्षभराने हातभर लांब दोरा पायातून बाहेर पडे. तो काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागे. काकीसांनी अशी माणसे पाहिली आहेत. आपल्या घरांत पाणी दुहेरी कपड्याने गाळण्याची चाल असल्याने ते जीव गाळण्यातच अडकत. हेतू जीवदयेचा होता, पण फळ असे दुहेरी मिळाले. नारू निर्मूलनाच्या सरकारी मोहिमेतही हेच कापडी गाळणे गावोगाव वाटले गेले. मोहिमेचा दुसरा भाग हातपंपांचा होता. उघडी तळी आणि पायऱ्यांच्या विहिरी सोडा, जमिनीच्या पोटातले स्वच्छ पाणी प्या, असे सांगितले गेले. मोहीम यशस्वी झाली. देशातील शेवटचा नारूचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये याच मारवाडात, जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. त्या मोहिमेला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण नारू नाही म्हणून जे पाणी शुद्ध ठरले, त्यात दुसरे काय आहे हे पुष्कळ ठिकाणी उशिरा तपासले गेले. आणि कपड्याचे गाळणे फ्लोराइडला अडवू शकत नाही.

दुसरा भाग कुलपाचा. टाके खणायला पैसा लागतो, अंगण लागते आणि मुख्य म्हणजे पक्की गच्ची लागते. ज्याचे घर गवताने शाकारलेले, त्याच्या घरी टाके कुठून येणार? पारावर बसलेल्यांत ज्यांच्या पाठी वाकलेल्या होत्या, त्यांची घरे कोणती, हे मी काकीसांच्या मुलाला हळूच विचारले. बहुतेक शेतमजुरांची होती. दुष्काळी वर्षात नाडी आटली की त्यांना विहिरीशिवाय गत्यंतर नसे. आमच्या घराण्यातील माणसे ताठ चालत. आजोबा त्याचा अभिमानाने उल्लेख करीत. खाणेपिणे सात्त्विक, म्हणून पाठ सरळ, असे त्यांचे मत होते. त्या ताठ पाठींमागे अंगणातल्या टाक्याचे कुलूप होते हे त्यांच्या मनात कधी आले नसावे. माझ्याही मनात त्या दिवसापर्यंत आले नव्हते. आमच्याकडून कोणाला पाणी नाकारले गेले का, असे मी काकीसांना विचारले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या की पाहुण्याला, साधूला, आजाऱ्याला कधी नाही म्हटले नाही. बाकी टाके चाळीस हंड्यांचे असेल आणि गाव चारशे घरांचे असेल तर काय करावे, ते तुम्ही बँकवाल्यांनी सांगावे.

मला सांगता आले नाही.

पुढे नियतीने ते कुलूपही निरुपयोगी केले. १९७० नंतर कधीतरी घराची गच्ची एका बाजूने खचली आणि टाक्याला तडा गेला. दुरुस्तीला पैसे नव्हते. दक्षिणेतल्या आम्हा भावकीने पाठवायला हवे होते, ते पाठवले नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. मग दारात हातपंप आला आणि काकीसांच्या कुटुंबाने सुमारे तीस वर्षे त्याचेच पाणी प्यायले.

काकीसा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सोळाव्या वर्षी त्या पाली जिल्ह्यातून सून म्हणून आल्या. त्यांचे दात आजही पांढरेशुभ्र आहेत. पण त्यांना मांडी घालून बसता येत नाही, सामायिकाला त्या खुर्चीवर बसतात, आणि उठताना मुलाचा हात लागतो. त्यांच्या दोन्ही मुली त्या दिवशी माहेरी आल्या होत्या. एक सुरतेला दिलेली, एक इचलकरंजीला. दोघीही चपळ, हसतमुख; पण हसताना पदर तोंडाशी नेण्याची सवय दोघींनाही. दात तपकिरी. मुलीच्या दातावरचे कवच जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत घडते. त्या काळात जे पाणी पोटात गेले त्याची खूण कायमची राहते. पुढे ती कुठेही नांदो. उलट सून बाहेरून आलेली असते, तिचे दात घडून झालेले असतात. मग पाणी तिच्या हाडांत उतरते, जे कोणाला दिसत नाही. लेकींचे दात आणि सुनांचे गुडघे. त्या घरात दोन पिढ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकाच पंपाचे पाणी दोघींनी दोन ठिकाणी वागवले होते.

हे सगळे पाहत असताना मला १९८६ सालचा आमच्या घरातील एक प्रसंग आठवला. खरे म्हणजे तो लिहावा की नाही, असा विचार बरेच दिवस केला.

माझ्या धाकट्या भावासाठी स्थळे पाहत होतो. नागौर भागातूनच एक स्थळ आले. वडिलांचे गावात लहानसे किराणा दुकान, मुलगी मॅट्रिक झालेली, स्वभावाने शांत. पत्रिका जुळली, घराणे माहितीतले. आईने आणि मी जाऊन मुलगी पाहिली. तिने ताट पुढे केले, आईने नाव विचारले, तिने सांगितले. दात तपकिरी होते. परतताना आई गाडीत म्हणाली, “घरात शिस्त दिसत नाही. पोरीने राखुंडीने का होईना, दात घासायला नकोत?” मी आणखी शहाणपणाने म्हणालो की त्या भागात बायकांना तपकिरीची सवय असते असे ऐकले आहे. शब्द माझे होते. नकार कळवला, कारण पत्रात अर्थातच दुसरे लिहिले. पण कारणे पत्रांतून जात नाहीत, माणसांतून जातात, आणि आपल्या समाजात ती किती वेगाने जातात ते वाचकांना ठाऊक आहे.

त्यानंतर सहा वर्षांनी माझी बदली यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागात झाली. दख्खनच्या काळ्या कातळाची कड तिथे संपत येते आणि खालचे जुने खडक वर डोकावू लागतात. त्या तालुक्यांतील बऱ्याच गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे, हे आज सर्वांना माहीत झाले आहे. तेव्हा मला नव्हते. शाखेत पिग्मी एजंट नेमायचा होता. एक तरुण आला. बारावी झालेला, हिशेबाला पक्का, आवाज नम्र. त्याचे दात पाहून मी विचारले, खर्रा किती खाता? तो म्हणाला, “साहेब, मी खर्रा खात नाही. सुपारीसुद्धा नाही.” मी हसलो. लोकांच्या दारात रोज पैसे गोळा करायला जाणारा माणूस नीटनेटका हवा, आणि उघड खोटे बोलणारा तर नकोच, असे मी मनाशी ठरवले. दुसऱ्याला नेमले.

त्याच काळात मी त्या भागात विहिरी आणि बोअरसाठी पुष्कळ कर्जे मंजूर केली. अर्जात रकाने भरपूर होते. खोली किती, पाण्याचा उपसा ताशी किती, शेजारच्या विहिरीपासून अंतर किती, वाढीव उत्पन्न किती, हप्ते किती. पाण्यात काय आहे, हा रकाना नव्हता. कर्ज सिंचनासाठी, हे खरे. पण शेतात राबणारा माणूस दुपारी तहान लागली की पाइपाला तोंड लावतो, घरी वेगळे पाणी प्यायला परत जात नाही. बदली होऊन तेथून निघाल्यावर काही वर्षांनी एका वर्तमानपत्रात त्या भागातील शाळकरी मुलांच्या दातांची छायाचित्रे आली. त्यांत त्या तरुणाचे दात होते. तोच माणूस असे नव्हे, तसेच दात. तो खरे बोलत होता.

असे असूनही १९८६ ची ती मुलगी तेव्हा आठवली नाही. ती आठवण्यासाठी काकीसांच्या दोन मुली पदराआड हसताना दिसाव्या लागल्या.

अमेरिकेतही असेच घडले होते, हे मी परतल्यावर वाचले. कोलोरॅडो राज्यात फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये व्यवसायासाठी गेला, तेव्हा गावच्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग होते. कोणी म्हणे डुकराचे मांस खाल्ल्याने, कोणी म्हणे दुधाच्या दोषाने. मॅकेने आयुष्याची तीस वर्षे त्या डागांमागे घालवली. तो पाण्यावर संशय घेत राहिला, पण पाण्यात नेमके काय ते सापडेना. अखेर १९३१ मध्ये एका अॅल्युमिनियम कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने पाण्यातील फ्लोराइड दाखवून दिले. तीस वर्षे शंका धरून बसणारा मॅके एकीकडे, आणि एका नजरेत निकाल देणारे आम्ही दुसरीकडे.

आता थोडे उपयोगाचे. आपल्या घरांत अनेकजण उकळलेलेच पाणी पितात. त्याचा हेतू वेगळा आहे आणि तो हेतू साधतोही. पण उकळल्याने फ्लोराइड जात नाही. वाफ होऊन पाणी घटते आणि फ्लोराइड तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण किंचित वाढते. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरनेही ते जात नाही. आर.ओ. यंत्राने पुष्कळसे निघते. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड खाली बसवण्याची रीत विकसित केली. ती ‘नलगोंडा तंत्र’ म्हणून ओळखली जाते. आंध्रात आणि नंतर तेलंगणात गेलेला नलगोंडा जिल्हा या रोगासाठी आपल्या बांका पट्टीइतकाच दुर्दैवी. आहारात दूध, तीळ, हिरव्या भाज्या असतील तर शरीराला कॅल्शियम मिळते आणि अपाय कमी होतो. ज्याच्या ताटात हे नसते त्याला तेच पाणी अधिक बाधते. काळा चहा आणि काळे मीठ यांतूनही फ्लोराइड पोटात जाते, असे या रोगाचे तज्ज्ञ बजावतात. पाचक चूर्णांशिवाय ज्यांचे जेवण पूर्ण होत नाही त्यांनी निदान विहीर-बोअरच्या गावी तरी हे ध्यानात ठेवावे. ज्यांची गोदामे, जिनिंग, दालमिल गावाबाहेर आहेत आणि कामगार तिथल्या बोअरचे पाणी पितात, त्यांनी ते पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. त्याला यंत्राच्या एका पट्ट्याइतकाही खर्च येत नाही.

नागौरमध्ये आज चित्र बदलते आहे, हे सांगितलेच पाहिजे. पंजाबात हरिके येथे सतलज आणि बियास यांच्या संगमावरून निघणारा इंदिरा गांधी कालवा, ज्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले, त्याचे पाणी उपसा योजनेने वर चढवून नागौर जिल्ह्यात आणले आहे. जपानच्या जायका संस्थेने त्यासाठी कर्ज दिले. त्या प्रकल्पाच्या अधिकृत नावातच फ्लोरोसिस निवारण हे शब्द आहेत. नोकरीभर कर्जांचे कागद पाहिले, पण कर्जाच्या शीर्षकात रोगाचे नाव मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. हिमालयातले पाणी शेकडो किलोमीटरचा प्रवास करून काकीसांच्या अंगणात येते. रोज येत नाही. मी होतो त्या तीन दिवसांत एकदा आले. त्यांच्या नातवंडांचे दात मी न राहवून पाहिले. पांढरे आहेत.

कागदाचे असे झाले. घर विकत घेणाऱ्याला अंगण मोकळे हवे होते आणि टाके बुजवायचे होते. मी आणि माझ्या चुलतभावाने, जो खरे तर पैशाच्या घाईत होता, तेवढी एक गोष्ट मान्य केली नाही. दोन दिवस बोलणे चालले. शेवटी अंगणाचा टाक्याकडचा भाग काकीसांच्या मुलाच्या नावे वेगळा काढला, आणि त्या भागाचे पैसे आम्ही आमच्या वाट्यातून सोडले. गच्ची दुरुस्त करून टाके पुन्हा भरते केले ते त्या मुलाने, दहा वर्षांपूर्वी, स्वतःच्या कमाईतून. त्यामुळे यात आम्ही काही मोठे केले असे नाही. आता झाकणाला कडी आहे, कुलूप नाही. शेजारच्या दोन घरांतील बायका उन्हाळ्यात तिथून हंडा नेतात, असे कळले.

घरी परतल्यावर मी आईला सगळे सांगितले. तिचे वय आता सत्त्याऐंशी. ऐकू कमी येते, पण बुद्धी शाबूत. १९८६ ची गोष्ट तिला लगेच आठवली. मुलीचे नावही आठवले, जे मी विसरलो होतो. दात का तसे होते, ते मी दोनदा समजावून सांगितले. ती बराच वेळ माळ हातात धरून गप्प बसली. मग तिने विचारले, “मग त्या पोरीचे पुढे काय झाले?”

मला माहीत नव्हते. इचलकरंजीच्या बहिणीला फोन करून विचारले. तिने दोन-तीन घरी चौकशी केली आणि संध्याकाळी कळवले की लग्न बऱ्याच उशिरा झाले, मद्रासकडे कुठेतरी दिली, पुढचे कोणाला ठाऊक नाही.